दुसऱ्या अंतऱ्यातली म्हैस

गंगावेशीत, माडीच्या दारांना वाकळा लावून
गोदूताई इंगवल्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं, साल बावन्न.
दुसऱ्या अंतऱ्यात खालच्या दूधकट्ट्यावर म्हैस रेकली.
बाबालालचं क्लॅरिनेट दचकून
मात्राभर थांबलं.
कोरी तबकडी एकच उरलेली. तसंच छापलं.

पुढं मुंबईत बारा व्हायोलिनं लावून स्वच्छ केलं,
मग कॅसेटवर भलत्याच कुणी.

पापाच्या तिकटीला माझ्या दुकानात तिन्ही आहेत.
गिऱ्हाईक नाव विसरतं, गुणगुणून दाखवतं,
दुसऱ्या अंतऱ्याशी आपसूक अडतं.
मी पहिली काढतो.

परवा गोदूताईंचा धाकटा आला.
सुई ठेवली. म्हैस रेकली.
तो बघतच राहिला :
आई भाकऱ्या थापताना इथंच थांबायची,
मला वाटायचं, दम लागतोय.