रविवारची पाळी

रविवारीही पेशींना भरवावं लागतं.
राग्नहिल्डला ताप, म्हणून आयविंद आलाय
टेकडी उतरून, बर्गनच्या पावसात, छत्रीविना.
गिनीच्या आखातावरचा पाऊस
तो चार महिने आधी सांगू पाहतो,
दहांतले चार वेळा चुकतो.
इथला मुकाट अंगावर घेतो.

फोनवर ती खोकते : गुलाबी पाणी. अर्धंच काढ.
हिसका नको.
बशीत मसुराएवढे गोळे, चौऱ्याण्णव दिवसांचे;
तिच्या भावाच्या दंडावरल्या कातडीतून निघालेले,
मेंदूच्या वाटेला लागलेले,
अजून अर्ध्यातही नाहीत.
दोघांचा पगार मार्चपर्यंत.
पेशींना कुठला मार्च.

शीळ घालत तो थेंब सोडतो.
ती म्हणते, तोर्येने सही करताना
एकच विचारलं होतं :
यांना आवाज ऐकू येतात?
नाही म्हटलं, कान नाहीत.
मग बरंय, म्हणाला, आणि सावकाश
पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट.

आयविंदची शीळ तुटते.
कान नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे.
तरी उबवणपेटीचं दार लावताना
तो फटीत आधी तळवा धरतो,
मग काढून घेतो
हळू.