आडवाट

फेब्रुवारीत पोस्टाच्या पिवळ्या बसनं
शेवटच्या वळणावर मला उतरवलं
आणि जागच्या जागी वळून ती निघून गेली,
पाहुणा चुकीच्या दारात सोडून पळ काढावा तशी.

ओबरशीट. घरं एकवीस, धूर सहा.
लाकूड शेकडो उन्हाळ्यांनी करपलेलं,
आणि धान्याची कोठारं दगडी चकत्यांवर उभी.
उंदीर चढू नयेत म्हणून, थिओडुल म्हणाला.
धान्य कुठाय?
ते माझ्या बापाच्या वेळीच संपलं.
उंदीर अजून येतात, बघून जातात.

माझ्या भाषेतला बर्फ
भुशात गुंडाळून हातगाडीवरून येतो,
त्याला भाव असतो, पोत्याचा वास असतो.
इथे फुकट.
इथे तो खिडकीच्या निम्म्यापर्यंत येऊन
आत काय शिजतंय ते बघत उभा.

रोज सकाळी दुकान. दूध,
चीजचा एक तुकडा, आणि तो काळा पाव,
महिन्यापूर्वी भाजलेला, सुरीला न जुमानणारा,
ज्याला कापायला अडकित्त्याचा थोरला भाऊ लागतो.
रस्ता चर्चला वळसा घालून जायचा.
दुसऱ्याच दिवशी मी आडवाट पाडली:
थिओडुलच्या दारातून तिरकी,
पांढऱ्या सपाटीवरून
थेट दुकानाच्या मागच्या पायरीपर्यंत.
एकशे चाळीस पावलं.

रात्री पडलेला बर्फ ती पुसायचा,
सकाळी मी पुन्हा गिरवायची.
आठव्या दिवशी माझ्या पावलांत
दुसरी पावलं दिसली, लहान,
शेजारी काठीची भोकं.
मग कुत्र्याची. मग घसरगाडीच्या दोन रेघा.
निघताना बसच्या काचेतून पाहिलं
तेव्हा ती वाट गावाची झाली होती.
इतका गर्व मला
स्वतःचं घर घेतलं तेव्हाही वाटला नव्हता.

जुलैत आले तर धूर एकही नाही.
गायी वर गेलेल्या, कुरणांत;
वारा फिरला की घंटांचा चुरा तेवढा खाली यायचा.
उतारावर कुणीतरी लांब दांड्याच्या विळ्याचं पातं
ठोकून ठोकून पातळ करत होतं,
टक, टक,
आणि कापल्या गवताचा वास असा दाट
की खिशात भरून घ्यावा.
मी पाव आणायला दारात आले.
वाटेत कुंपण होतं.

कुंपणात सॅलडची पानं, मटार, मुळे,
आणि गुडघ्यांवर बसून वाफा खुरपणारी एक म्हातारी.
चेहऱ्यानं नाही, ओळखलं ते
शेजारी पडलेल्या काठीवरून.

तू माझ्या गाजरांवरून चालत होतीस,
क्रेसेन्त्सिया म्हणाली. तक्रार नव्हती,
नोंद होती.
ऑक्टोबरात कुंपण काढून ठेवते मी.
बर्फ मोडतोच, त्यापेक्षा आपणच काढलेलं बरं.

आणि ती लहान पावलं?

माझीच की. माझ्या वावरात मला कोण हटकणार?
मग खुरपं थांबलं.
बावन्न हिवाळे मी चर्चला वळसा घालून गेले,
ती म्हणाली. कुंपण कोठारात पडलेलं,
आणि मी त्याला वळसा घालत्येय.
तुझी पावलं दिसली तेव्हा
आधी राग आला.
पुढचं तिनं सांगितलं नाही.

मला वाटलं, आता फाटक उघडेल.
नाही उघडलं.
कुंपणावरून दोन गाजरं दिली, मातीसकट,
करंगळीएवढी, अजून वेळ होता त्यांना,
आणि काठीनं चर्चकडे बोट केलं.

अकरा मिनिटं लागली.
दातांत माती कचकचत होती.
दुकानाच्या दाराला चिठ्ठी अडकवलेली:
गवताला गेलोय,
अंधार पडल्यावर या.