हयातीचा दाखला

वीस वर्षं मी परभणीच्या कोषागारात
खिडकी नंबर चारच्या आत बसलो.
नोव्हेंबर लागला की बाहेर रांग,
जिंतूरची, सेलूची, पाथरीची माणसं,
काठ्या, कानटोप्या, फडक्यात भाकरी,
आणि प्रत्येकाच्या हातात एकच कागद :
मी जिवंत आहे.

सय्यद दस्तगीर मास्तर, उर्दू शाळेचे,
वय एक्क्याण्णव, सही करून दरवर्षी म्हणायचे,
"बेटा, इस साल भी हूँ. लिख ले."
मी लिहून घ्यायचो.
पेन मीच सुतळीनं खिडकीला बांधलेलं,
कारण जिवंत माणसं पेन घेऊन जातात.

मी स्वतः लागलो दोन हजार सहाला.
जुनी पेन्शन आदल्याच वर्षी बंद झालेली.
म्हणजे ज्या विहिरीचं पाणी
मी जिल्हाभर शेंदून दिलं
तिच्यात माझा पोहरा नव्हता.
माझे दहा टक्के दर महिन्याला कापले जायचे
आणि कुठल्याशा बाजारात जायचे.
कोरोनात एकदा ते इतके खाली आले
की मी इंदूला काही बोललो नाही,
नुसता फोन पालथा ठेवला.

आता फॉर्म आलाय.
साठ टक्के हातात,
चाळीस टक्क्यांचं मरेपर्यंतचं वर्षासन.

हातात येणाऱ्या साठ टक्क्यांचा वास
माझ्याआधी गावाला लागला.
मुंजाजी म्हणाला, वसमत रोडला प्लॉट घ्या,
एनए होतोयच.
या 'होतोयच'वर अर्धी परभणी उभी आहे.
जावई म्हणाला, म्युच्युअल फंड, आणि महागाईवर
पाऊण तास बोलला, बरोबर बोलला,
मला झोप लागली.
साडूचे सहा लाख एका मल्टिस्टेटच्या
उतरलेल्या शटरमागं अडकलेत,
तरी तोच सांगत होता :
"ही दुसरी हाय. हिचा चेअरमन माळकरी हाय."
बनी तो बनी, नहीं तो परभनी.
आमच्या गावाचं नावच
असं जुगाऱ्याच्या तोंडी बसलेलं.

पण अडलो मी चाळीस टक्क्यांपाशी.
चौकट एक : तुम्ही असेपर्यंत, आठ हजार तीनशे.
चौकट दोन : तुमच्यानंतर पत्नीलाही, सात हजार सहाशे.
चौकट तीन : दोघांनंतर मुद्दल वारसाला, साडेसहा.
तीन ओळींत सरकारनं विचारलं होतं,
तू कधी मरणार,
आणि तेव्हा तुला कोणाची काळजी वाटणार?

रात्री इंदूला वाचून दाखवलं.
ती ज्वारी निवडत होती.
म्हणाली, "तुमच्या घराण्यात
सत्तरी पाहिलेला एक माणूस दाखवा."
मी गप्प.
"माझी माय अठ्ठ्याऐंशीची. अजून सुईत दोरा ओवते.
मंग इचारता काहून?
दोन नंबर."
"आणि पोराला?"
"पोराला इंजिनिअर केला, तेच मुद्दल."

सातशे रुपये महिना.
माझ्यानंतरच्या तिच्या वर्षांचा
मी आत्तापासून भरायचा हप्ता.
बत्तीस वर्षांत तिला
इतकं नियमित काही दिलेलं
मला आठवेना.

साठ टक्क्यांचं तिनंच ठरवलं :
अर्धे पोस्टात, थोडे जावयाच्या फंडात,
"त्यालाबी बरं वाटंल,"
राहिलेले बँकेत, दवाखान्यासाठी.
प्लॉट नाही. चेअरमन नाही.
साडूला चहा.

फॉर्मवर तिची नमुना सही लागते.
ती सही शेवटची केली होती
मुलीच्या लग्नात, नोंदणीच्या वहीत.
तिनं कालचा पेपर ओढला,
सोयाबीनच्या भावाखाली कोरी जागा होती,
तिथं लिहिलं : इंदुमती.
पुसट वाटलं. परत लिहिलं.
इंदुमती, इंदुमती,
कडेकडेनं पान संपेपर्यंत.

मी उगीच पाहत बसलो.
हात सवयीनं
सुतळी शोधत होता.