किमतीहून जास्त नाही

आमच्या वाचनालयाच्या दंडवहीत
पहिल्याच पानावर, टाकाच्या निळ्या शाईत
बळीराममास्तरांनी लिहून ठेवलंय :
उशिराचा दंड दररोज एक पैसा.
आणि त्याखाली, रेघ मारून,
दंड पुस्तकाच्या किमतीहून जास्त घेऊ नये.

पैशाचा रुपया झाला, कमिटीच्या ठरावानं.
खालच्या ओळीला हात लावायची
कोणाची छाती झाली नाही.

परवा शेवंता खेरडे आली वरुडच्या एसटीनं,
बाप गेल्यावर उघडलेल्या संदुकीतलं पुस्तक घेऊन.
मोटार वाइंडिंगचं.
पान एकशेबारावर ग्रीसचा अंगठा,
आमचा शिक्का, आणि अकरा वर्षं चार महिने.
पाचशेची नोट तिनं आधीच मुठीत धरली होती.
"दंड किती झाला बाई? पाचशेत भागते का?"
मी मागची किंमत पाहिली.
"साडेबारा. अन् सुटे दे, माझ्याजवळ नाहीत."
ती हसली.
मग टेबलाची कड धरून उभी राहिली जराशी.

आता माझं सांगते.
माझ्याकडे एक कार्ड आहे.
मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
गळ्यापर्यंत टाय आवळलेल्या पोरानं
अमरावतीच्या दुकानाबाहेर दिलं.
त्याची दया आली म्हणून सही केली.
वाचनालयाच्या कूलरचा पंप घेतला त्यावर,
पाइपासकट सहाशे बारा.

बिल भरायला तीन दिवस उशीर झाला,
भाचीचं लग्न होतं, मोबाइल पत्रावळींखाली.
चौथ्या दिवशी पूर्ण सहाशे बारा भरले.
तोवर पाचशे दंड, त्यावर नव्वद कर.
तो दंड मला दिसलाच नाही,
म्हणून पुढच्या महिन्यात दंडाला दंड.
पंप सहाशे बाराचा.
दंड अकराशे ऐंशी, व्याज वेगळं.
म्हातारे सांगतात, जुना सावकारसुद्धा
दामदुपटीच्या उंबऱ्यावर चप्पल काढायचा.

फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा,
मग बराच वेळ सनई.
मग एक पोरगा, आवाज शाळकरी.
"मॅडम, दंड आम्ही लावत नाही, सिस्टीम लावते."
"कोन सिस्टीम बाप्पा? तिचं आडनाव काय?"
तो गप्प.
मी त्याला मास्तरांची ओळ वाचून दाखवली.
दोनदा. रेघेसकट.
म्हटलं, आमचं गाव चारशे उंबऱ्यांचं,
आम्हाला जमलं, तुमच्या काचेच्या बिल्डिंगीला काऊन जमत नाही?

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग हळूच, ठरलेलं बोलणं सोडून,
"मॅडम, तुम्ही लायब्ररीत असता का खरंच?
आमच्या गावच्या लायब्ररीचं एक पुस्तक
माझ्याकडे राहिलंय. बारावीपासून.
आता भीतीनं तिकडून जातही नाही."
"देऊन टाक," म्हटलं. "घाबरू नको.
आणि तिथल्या बाईंना विचार, पहिल्या पानावर काय लिहिलंय."
"हा कॉल रेकॉर्ड होतो, मॅडम."
"होऊ दे."

दंड नको असं मी म्हणत नाही.
उशीर तो उशीर, पोट्टे पुस्तकं दाबून ठेवतात,
मला माहीत आहे.
पण कुठंतरी थांबावं लागतं,
आणि कुठं थांबायचं
हे उशीर होण्याआधी लिहिलेलं असावं,
पहिल्या पानावर, वाचता येईल अशा अक्षरात.

तेवढंच लिहून अर्ज केला.
एक बँकेला, एक तिच्या वरच्यांना.
जावक क्रमांक सतरा आणि अठरा.
अजून उत्तर नाही.

कूलर चालू आहे. पंप चांगला निघाला, खोटं कशाला बोलू.
शेवंताचं पुस्तक मी कपाटात लावलं,
पाठीला नवी पट्टी चिकटवून.
अंगठा पुसला नाही.
पान एकशेबारा.
तिथं मोटार सुरू झाली असावी.