दोन गुणांचा प्रश्न

दहावी ब चे सराव परीक्षेचे पेपर, एकेचाळीस.
सुतळी सोडली आणि आधी शिंक आली.
आमच्या नंदुरबारात जानेवारीत कागदालाही तिखट लागलेलं असतं.
शाळेच्या कुंपणाला टेकून मिरचीच्या पथारी,
लाल, नजरेत न मावणाऱ्या.
मी फळ्यावर 'सार्वभौम' लिहायला घेते
तर 'भौ' पर्यंत पोचेतो
मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत
शिंकांची रांग धावत येते.
"हात वर करून शिंका," मी म्हणते. तेवढंच हसतात.

इतिहासाच्या ताटात
आमचा विषय चटणीएवढा.
चुडामण सर निवृत्त होईपर्यंत
अख्खी लोकशाही दोन तासिकांत उरकायचे,
तिसऱ्या तासिकेला मुलं झाडांना पाणी घालायची.
"बाई, हे काय शिकवायचं असतं?
मोठी झाली की कळतंच."
सर मोठे होते.
त्यांना कळलं होतं की नाही, विचारायचं राहिलं.

प्रश्न चौथा, उपप्रश्न दुसरा:
ग्रामसभेत ग्रामस्थांचा सहभाग महत्त्वाचा असतो. स्पष्ट करा.
गुण दोन. मुद्दे चार. मुद्द्याला अर्धा.
भटूने गाईड उतरवलंय, गाईडातल्या चुकीसकट.
असलम पिंजारीने भटूचं,
चुकीत स्वतःची एक भर घालून.
लाल पेन आपोआप चालतं,
अर्धा, अर्धा, अर्धा, अर्धा,
मी त्यात नसतेच म्हणा ना.

मग रेवंती पाडवीचा पेपर.
सकाळी सहाला मिरचीचे देठ खुडून येते,
बोटं जळतात म्हणून पेन फडक्यात धरते;
अक्षर तरी सुबक.
लिहिते:

आमच्या पाड्यावर ग्रामसभा मोटारसायकलवर येते.
शिपाईदादा वही आणतो. आई अंगठा लावते.
आई विचारते, यात काय लिहिलं आहे.
तो सांगतो, चांगलंच लिहिलं आहे.
माझ्या आईचा सहभाग फार महत्त्वाचा असतो,
कारण अंगठे कमी पडले तर गणपूर्ती होत नाही.

'गणपूर्ती'. पहिला णकार, दुसरा दीर्घ ऊकार,
रफार जागच्या जागी.
एकेचाळीसांत हा शब्द तिने एकटीने बरोबर लिहिलाय.

विकास आराखडा नाही. लाभार्थी निवड नाही.
जमाखर्च नाही. महिलांचा सहभाग –
इथे पेन थांबलं.

मागच्याच आठवड्यात आमच्या दारातही वही आली होती.
माझ्या एका हातात पोळीचं पीठ, आत कुकर.
"काही नही ताई, नुसती सही मारी द्या."
मारली. कोपर्‍याने वही दाबून धरून.
एम. ए., राज्यशास्त्र, प्रथम श्रेणी.
शिट्ट्या तेवढ्या मोजल्या मी, ठराव नाही.
आणि सही झोकदार होती, खाली दोन टिंबं.

दोनपैकी दोन दिले.
समासात 'पुस्तकाबाहेरचे' असं लिहिलं,
मग ते इतकं खोडलं
की पलीकडच्या पानावर भोक पडलं,
नेमकं न्यायालयाच्या उत्तरावर.

सोमवारी तिला जवळ बोलावलं.
म्हटलं, रेवंती, छान लिहिलंस.
पण बोर्डाचा पेपर कोण तपासेल सांगता येत नाही,
त्याने ना तुझा पाडा पाहिलेला, ना मोटारसायकल.
तो चार मुद्दे शोधणार. ते पाठ कर.
हे असं तिथे लिहू नको.

तिने मान हलवली. पेपर घेतला.
दोन पावलं गेली, वळली.
वाद घालायला नाही; वहीत तारीख कुठे घालायची
हे विचारतात ना, तशीच म्हणाली:

"मग हे कुठं लिहू, मॅडम?"

बाहेर कुणीतरी पथारी उलथवत होतं.
वर्ग शिंकायला लागला.
मी खिडकी लावायला उठले
आणि तिथेच उभी राहिले जरा वेळ,
कडी हातात असून
कडी शोधत.