कॉइल

फ्राउ झाउअरब्राय यांच्या वॉशिंग मशीनमधून
कॉइल बाहेर काढली
तर ती कॉइल राहिलीच नव्हती.
खोदकामात जुनं हाड सापडतं ना,
तसलं काहीतरी होतं माझ्या हातात.

"सहाच वर्षं झाली घेऊन,"
त्या म्हणाल्या,
जणू मशीननं दिलेला शब्द मोडला.
मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केली.
पांढरे पापुद्रे फरशीवर पडले
आणि त्या लगेच झाडू घेऊन आल्या.
या गावात पडलेलं कोणी पडून देत नाही.

मायन नदीच्या या वळणावर
डोंगर आहे तो शिंपल्यांचा.
कधीकाळी इथं समुद्र होता, उथळ, कोमट.
त्यातले जीव मेले, तळाशी बसले, दगड झाले.
दगडावर द्राक्षं लागली,
द्राक्षांवर गाव पोसलं.
आणि पाऊस त्या दगडातून झिरपत झिरपत
नळाला येतो तेव्हा
रिकाम्या हातानं येत नाही.
रीतभात पाळणाऱ्या पाहुण्यासारखा
काहीबाही घेऊन येतो,
घरातली सगळ्यात ऊबदार जागा हेरतो
आणि बसतो.

उठत नाही.

लेफ्के, माझी शिकाऊ, उत्तरेकडची.
तिच्या गावचं पाणी मऊ.
इथं आली आणि पंधरा दिवसांत केस राठ झाले तिचे.
म्हणाली, तुमच्याकडे साबण काय रुसून बसतो?
एकदा चार तास मसूर शिजवले
आणि डबा भरून आणले मला, पुरावा म्हणून.
खाल्ले मी. दाताखाली कटकट वाजले.
चिमूटभर सोडा घाल म्हटलं, आई घालायची.

अडतीस वर्षं हेच.
शॉवरची निम्मी भोकं आंधळी
आणि उरलेली तिरळी, भिंतीला आंघोळ घालणारी.
पेले कितीही धुवा, धुकट.
केटल उकळताना अशी करकरते
की तिच्या सांध्यांची कीव यावी.
लोक विचारतात, व्हिनेगर बरं की सायट्रिक ॲसिड?
नळीला चुंबक लावतात म्हणे, खरंच गुण येतो?
मी सांगतो, येतो,
चुंबक विकणाऱ्याला.

गेल्या मार्चमध्ये
एका डिशवॉशरपुढे वाकलो होतो,
कमरेत कळ आली आणि तसाच राहिलो, काटकोनात.
लेफ्केनं व्हॅन हाणली. वाटेत एक लाल सिग्नल होता,
त्याच्याबद्दल आम्ही नंतर बोललो नाही.

पडद्यावर डॉक्टर वाइगांटनी खडा दाखवला,
सात मिलिमीटर.
मी म्हटलं, पाण्याचंच काम ना हे? आमच्या इथल्या?
मला खात्री होती. या धंद्यातलं मला कोण शिकवणार.
त्या म्हणाल्या, पाण्याला कशाला बोल लावता,
तुम्ही ते पीतच नाही.

आठवून पाहिलं.
सकाळी कॉफी, दुपारी कॉफी, संध्याकाळी बिअर.
कोपरापर्यंत हात आयुष्यभर पाण्यात,
आणि घोटभर पोटात नाही.

मग त्यांनी बाहेरून लहरी सोडल्या,
ठक, ठक, ठक, पाऊण तास.
मी पालथा पडून ऐकत होतो.
हात अनोळखी होता,
काम ओळखीचं.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो
की आधी पेलाभर पाणी मागतो, नळाचंच.
लोकांना वाटतं, मी तपासतोय.
लेफ्केला त्यात खडूची चव लागते.
मला आताशा लागतच नाही काही,
म्हणजे आपलंच असणार.

फ्राउ झाउअरब्राय यांनी पेला उजेडात धरून पाहिला,
धुकट आहे म्हणून ओशाळल्या.
मी उभ्यानंच प्यायलो.
बिल लिहिलं: कॉइल एक, रबरी वॉशर दोन, तासभर काम.
जुनी कॉइल ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं.
का, ते मी विचारलं नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

पेल्याच्या तळाशी एक थेंब राहिला होता.
मी दोन जिने उतरेपर्यंत
पुसलाही असेल त्यांनी.