सोमवार, बुधवार, शुक्रवार

सरावाचे वार तीनच. सोमवार, बुधवार, शुक्रवार.
सव्वीस वर्षं मी त्या वारांना फक्की मारली
आणि इंगवले सरांनी शिट्टी.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात मशीन रिकामं मिळालं
तेही नेमकं ह्याच वारांना.
म्हटलं, मंगळवार मागून बघा की.
म्हणाले, मंगळवारी दुसरी माणसं असतात, पांडबा,
त्यांना पण रक्त आहे.

अर्ज मीच नेला ऑफिसात.
पाकीट उघडं होतं, म्हणून वाचला.
‘प्रकृतीच्या कारणास्तव’. पुढं काही नाही.
क्लार्क म्हणाला, तारीख राहिली.
परत आलो. सरांनी पेन उघडलं,
बराच वेळ तसंच धरलं,
मग मलाच विचारलं,
आज वार कुठला रं?

दिवसाला एक लिटर पाणी, मोजून.
फारच तहान लागली तर बर्फाचा खडा.
आणि हाच माणूस मे महिन्यात कडेला उभा राहून
सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं ओरडायचा,
पाणी प्या रं, गाढवांनो, पाणी प्या!
पोरं अर्धं पिणार, अर्धं डोक्यावर ओतणार.
गेल्या उन्हाळ्यात सर टक लावून बघत बसायचे.
मला वाटलं, पोरांकडं बघतायत.

डाव्या हातात, कोपराच्या खाली,
एक शीर दुसरीला जोडलीय.
त्या हातानं ओझं उचलायचं नाही,
त्याला घड्याळ बांधायचं नाही, त्याच्यावर झोपायचं नाही.
बॉल तर लागूच द्यायचा नाही.
डावा हात!
ह्याच हातानं फायनलची शेवटची पेनल्टी अडवली होती.
अर्ध्या गावानं गुलाल उधळला,
अर्ध्या गावानं आईबहीण काढली.
मंगळवार पेठेत एक चहावाला आहे,
अजून सरांच्या चहात साखर घालत नाही.
परवा सर म्हणाले,
पस्तीस वर्षं राग धरला बिचाऱ्यानं,
आता तेच माझं पथ्य झालं.

निरोपसमारंभ नको म्हणाले. शनिवारी आले, एकटेच, रिक्षानं.
बॉल मोजले. चौदा. एकाचा ब्लॅडर गेलेला,
तो वेगळा ठेवला, मग पुन्हा त्यातच टाकला.
पोरं नुसती उभी. बूट घालायचं कुणाला सुचेना.
गोलकीपर विश्वतेज चौगुले, शब्द विकत घेऊन बोलणारा,
तो म्हणाला, सर, दुखतंय?
सरांनी बाही वर केली. हात लाव.
पोरानं दोन बोटं टेकवली आणि चटका बसल्यागत काढली.
पुन्हा टेकवली.
सर, आत कायतरी घुमतंय.
रक्त पळतंय, सर म्हणाले, तुमच्यापेक्षा जोरात.
नाही सर, हे स्टेडियम आहे.
म्हणजे?
म्हणजे तिकीट नसतंय, आपण भिंतीबाहेर असतो,
आणि आत गोल होतो. तसं.

मग एकेक करत सगळी आली.
कर्णधार, बदली खेळाडू,
घोट्याला पट्टी बांधलेला तो कागलचा पोरगा.
कुणी काही बोललं नाही.
दोन बोटं, आणि बाजूला.
शेवटी मी. बोटांना फक्की होती, विजारीला पुसली.
खरंच. लांबून येणाऱ्या गलक्यागत.
कुणाचा गोल झाला ते मात्र कळत नाही.

रिक्षात बसता बसता म्हणाले,
पांडबा, तुझा डी डावीकडं झुकतो.
सव्वीस वर्षं सांगीन सांगीन म्हणत राहून गेलं.

सोमवारी मी खिळा ठोकला, दोरी लावली,
गुडघ्यावर बसून डी मारला. अगदी बरोबर आला.
विश्वतेज गोलात जाऊन उभा राहिला,
इकडं सरकला, तिकडं सरकला, बार धरून बघितला.
पांडूमामा, म्हणाला, कायतरी चुकलंय.

घड्याळात साडेचार.
तिकडं आता सुई टोचली असंल.
मी बादली उचलली.
पाणी प्या रं, म्हटलं.
आवाज काही तेवढा लांब गेला नाही.